तारेला टोचलेली पत्रं

आमच्या राजापूरकडच्या घरात माळ्यावर एक वाकवलेली जाड तार आहे आणि तिच्यात पणजोबांनी गिरगावातून आपल्या वडलांना लिहिलेली पत्रं टोचून ठेवलीयेत. तेव्हा बऱ्याच घरांत हीच फाइल. पत्र आलं, वाचलं, तारेत खुपसलं, झालं काम! त्यामुळे प्रत्येक पत्राला बरोब्बर मधे भोक, भोवती गंजाचा डाग, आणि नेमका कामाचा शब्द त्या भोकात गेलेला. एका कार्डावर "चि. बाळाची प्रकृती" एवढं आहे, मग भोक, मग "आहे". आता बरी की नरम, बसा ओळखत.

बहुतेक कार्डं पाव आण्याची, आधी सातव्या एडवर्डची, मग पंचम जॉर्जची. जागा वाया जायला नको म्हणून समासातसुद्धा आडवं लिहिलंय, पण "तीर्थरूप... शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष" ह्या दोन ओळी मात्र दर वेळी अख्ख्या. पैशापैशाचा हिशोब ठेवणारा माणूस तिथे काटकसर करत नाही, हे मला फार आवडतं.

सगळं जुन्या मोडी लिपीत, म्हणून ओळखीतल्या एका काकांना बोलावलं. आम्हाला वाटलेलं इतिहास निघेल. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद, आणि आमचे पणजोबा त्याच आठवड्यात लिहितात की छत्री घरी राहिली, कोणी येणारं असेल तर पाठवावी. असो, उघडं कार्ड, पोस्टमनही वाचणार, जपूनच लिहीत असतील बिचारे. (की खरंच छत्रीचीच काळजी होती? मुंबईचा पाऊस!) बाकी सुपारीचा भाव, मनीऑर्डर पोचली का, बांधाचा तंटा.

पण एक गोष्ट काकांनीच दाखवली. ह्या तारेत कोणी मरतच नाही. अशुभाचं पत्र वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, त्यामुळे ती बातमी तारेपर्यंत पोचतच नाही. भाद्रपद वद्य, शके 1840 चं कार्ड आहे, म्हणजे 1918, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ. "येथे तापाची साथ फार आहे, काळजी नसावी." खाली नेहमीसारखा "सौ.चा नमस्कार". त्याच्या पुढचं कार्ड थेट मार्गशीर्षातलं, सुपारीच्या भावाचं, आणि त्यात सौ. नाही. त्यानंतरच्याही कितीतरी कार्डांत नाही.

मग 1920 च्या एका पत्रात सौ. परत येते, ती दुसरी, आम्ही सगळी तिची पिल्लावळ. पहिलीचं नाव घरात कोणालाच सांगता येत नाही. ही दुसरी शाळेत गेलेली असणार, कारण मोडीखाली तिने स्वतः बालबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, दोन ओळी लिहिल्यात, ठसठशीत अक्षर. काका म्हणाले, हे आता तुमचं तुम्हीच वाचा. वाचलं. सासूबाईंना कळवलंय की लोणच्याची बरणी पोचली, पण वाटेत तेल सांडून सगळ्या सुपाऱ्या बरबटल्या.