बोराट्याची नाळ उतरताना

मोहरी गावाच्या पठारावरून कोकणात पाने गावाकडे उतरायला बोराट्याची नाळ, म्हणजे कड्यातली ही अरुंद, उभी घळ, सोयीची, पण सोपी नाही. पायाखाली सगळे सुटे धोंडे. प्रत्येकावर अर्धा भार टाकून बघा, मगच पाऊल ठेवा. खरा धोका वरून येतो: मागच्याच्या पायाने सुटलेला दगड अरुंद नाळेत सरळ पुढच्यावर जातो. म्हणून हेल्मेट हवंच, आणि एकाखाली एक कधीच नको. एक टप्पा उतरून कडेला थांबा, मग दुसऱ्या माणसाला सोडा. मध्येच लिंगाणा किल्ल्याच्या खिंडीकडे आडवी वाट फुटते. ती दरीच्या काठाने जाते, घसाऱ्याची, म्हणजे सुट्या माती-दगडांची आहे. तिथे दोर लावण्यात कसली लाज? पावसाळ्यात नाळ म्हणजे ओढाच, तेव्हा फिरकू नका. हिवाळ्यातही माणशी तीन लिटर पाणी वरूनच भरून घ्या.