मधली तीन वर्षं

"मॅडम, बायोडेटात ती तीन वर्षं कशी दाखवू?" पोरी दारातच उभ्या राहून, आवाज खाली आणून विचारतात. जणू चोरीचा माल कुठे दडवायचा ते विचारतायत. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: सरळ लिहा. बाळंतपण आणि मूल सांभाळणं, तारखांसकट, एका ओळीत.

मी लपवली होती. 2009 ते 2012 च्या पुढे 'स्वतंत्र वाचन' असं लिहून ठेवलं होतं. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी पेन्सिलीने त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारलं, "काय काय वाचलंत?" त्या तीन वर्षांत मी वाचली होती ती चिऊकाऊची पुस्तकं. काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी माझे छापून आलेले शोधनिबंध, म्हणजे पेपर, मोजले. पीएचडीनंतर नऊ वर्षं आणि पेपर सहा. खरं तर काम केलं होतं सहाच वर्षं, म्हणजे वर्षाला एक. भागाकार चुकला होता, पण तो दुरुस्त करायची सोय मीच घालवून बसले होते. जागा गेली.

हा भागाकार नीट करता येतो. युरोपियन रिसर्च कौन्सिल अनुदानाची पात्रता ठरवताना पीएचडीनंतरची वर्षं मोजते, तेव्हा आईच्या हिशेबातून दर मुलामागे 18 महिने वजा करते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांत पीएचडीची मुदत सहा वर्षं आहे. बायकांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर वाढीव दोन वर्षं मिळू शकतात. शिवाय बायकांना 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. मला प्रयोगशाळेत परत आणलं ते केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) महिला वैज्ञानिक योजनेने. पहिल्या दिवशी पिपेट, म्हणजे थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन, हातात घेतलं आणि बटण दाबताना अंगठा आपोआप पहिल्या स्टॉपवर, जिथे थांबायचं तिथेच, थांबला. (पासवर्ड मात्र सगळे विसरले होते.) तीन वर्षांनी प्रकल्प संपतो आणि आपण पुन्हा अर्ज भरत बसतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, मी सांगून ठेवते.

आणि हा प्रश्न फक्त बायकांचा नाही. परवा एक मुलगा आला. घरातला पहिला पदवीधर. बीएस्सीनंतर दोन वर्षं एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत रात्रपाळ्या केल्या, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायला. या दोन वर्षांची वजाबाकी कुठल्या नियमात बसवणार? त्याने तिथे 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं लिहिलं होतं.

"कंपनीत काय करायचास?"

"टायट्रेशन, मॅडम. थेंब थेंब रसायन सोडून द्रावणाची तीव्रता मोजायची. एका पाळीत चाळीसेक."

माझ्या एमएस्सीच्या मुलांचा आठवडा जातो चाळीस करायला. ती ओळ त्याला तिथेच, माझ्या टेबलावर खोडायला लावली.