मिशीवाले

भीमेकाठच्या आजोळी मला माशांची ओळख उलट्या क्रमानं झाली. आधी काटा, मग नाव.

पाऊस होऊन पाणी गढूळ झालं की मामा म्हणायचा, "चल रं, आज मिशीवाली येणार." गढुळात डोळ्यांचं काय काम? या माशांना मिशांनीच चव कळते. चिखल चाचपत ते गांडुळापाशी बरोबर पोचतात. म्हणून गळ तळाला टेकलेला हवा, आणि दिवेलागणीनंतर घाई नको.

पहिली लागायची ती शिंगटी. वीतभरही नसते, पण तोरा केवढा! पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन्ही बाजूंना एकेक काटा. पाण्याबाहेर आली की तिन्ही ताठ करते. ते कुलूप घातल्यासारखे अडकतात, दाबून मिटत नाहीत. वर करकर आवाज. मी तिला पहिल्यांदा मुठीत धरलं तेव्हा ती ओरडली की मी, यावर घरात अजून एकमत नाही. मामानं मग पोटाखालून, बाजूच्या काट्यांच्या मागे दोन बोटांची पकड दाखवली. अंगठ्याचा वण तोवर झाला होता.

शिंगाडा तिचाच थोरला भाऊबंद. लांब थोबाड, आठ मिशा, आणि शेपटीआधीच्या मांसल पंखावर काळा ठिपका. शिवड्याच्या मिशा चारच. पाठीला काटा नाही, त्यामुळे तो सज्जन वाटतो. पण जबडा थेट डोळ्यामागेपर्यंत फाटलेला, आत बारीक दातांच्या रांगा. गळ काढायला तिथं बोट घालू नये, एवढंच सांगतो.

मांगूर ओळखायला सोपा. पाठीचा पंख डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग. हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे बादलीत टाकून विसरलात तरी सकाळी तुमच्याकडे बघत असतो. बाजारात मात्र त्याच्या नावाखाली आफ्रिकेतला थोराड मांगूर खपवतात. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. शेततळ्यातून निसटला तर नदीतलं सगळं फस्त करणारा हा गडी.

परवा भिगवणच्या बाजारात पाटीवर वाकून मी मिशा मोजत होतो. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, मासा घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीय?"