आमची वाटचाल : टायपिंगच्या दुकानापासून डीएससीपर्यंत

सांगलीत वडिलांचं टायपिंगचं दुकान होतं. कॉन्ट्रॅक्टर मंडळी टेंडर टाइप करून घ्यायची, पानोपानी सही-शिक्का मारायची आणि पाकिटाला लाख लावायची. निविदा ऑनलाइन झाल्या तशी हीच मंडळी विचारू लागली, "ती पेनड्राइव्हवाली सही तुमच्याकडं मिळंल का?" धंदा तिथून वळला. आज कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे व्यापारी आमच्याकडून डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, म्हणजे संगणकावर सही करायचा दाखला) काढतात. सर्टिफिकेट देते ती परवानाधारक सर्टिफाइंग ऑथॉरिटी. आम्ही कागद तपासतो, अर्जदाराचा व्हिडिओ करून घेतो, सर्टिफिकेट टोकनमध्ये, म्हणजे त्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात, उतरवून देतो.

सुरुवातीला जो तो विचारायचा, "कोर्टात चालतं का हे?" चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ५ नं या सहीला हाताच्या सहीइतकाच मान दिलाय. मृत्युपत्र मात्र अजून कागदावरच करावं लागतं. आणि सही डिजिटल केली म्हणून मुद्रांक शुल्क सुटतं, हा गैरसमज आम्ही आजही रोज खोडून काढतो.

समजवायला सगळ्यात अवघड गेली ती प्रिंटची गोष्ट. लोक सही केलेली पीडीएफ छापतात, फाईलला लावतात आणि मूळ मेल उडवून टाकतात. प्रिंटवर सहीचं नुसतं चित्र उरतं. खरी सही त्या पीडीएफच्या आत असते. मी समोरच करून दाखवतो : सौद्याच्या फाईलमध्ये २५० पोत्यांची २५१ केली, की तपासणीत लगेच दिसतं, सहीनंतर मजकूर बदललाय. छापील कागद हे कसं सांगणार?

कुलूप पक्कं आहे, घोळ किल्लीचा, म्हणजे ज्यानं सही उमटते त्या टोकनमधल्या गुप्त कोडचा. एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी खोकंभर टोकन पाहिलीत, प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि खाली पिन! त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणं किल्ली सांभाळायची जबाबदारी ज्याच्या नावाची सही त्याचीच. उद्या भलत्याच कागदावर ती उमटली, तर "मी नव्हतो" हे सिद्ध करता करता मालकाच्या नाकी नऊ येतील. म्हणून आम्ही टोकन मालकाच्याच हातात देतो, पिन त्यालाच टाकायला लावतो. "एवढं काय, आमच्या पोराकडं द्या की," म्हणणारी काही गिऱ्हाईकं यापायी तुटली. तुटू देत.

आता बरेच जण आधारच्या ओटीपीवर ई-साइन करतात. त्यात किल्ली त्या एका सहीपुरती तयार होते आणि लगेच नष्ट होते, त्यामुळं खोक्यात ठेवायला काही उरतच नाही. साध्या करारांना मी स्वतःच तो रस्ता सुचवतो, जरी त्यात आमचं टोकन खपत नाही. टेंडर आणि कंपन्यांचे फॉर्म भरायला डीएससी लागतेच, तेवढ्यावर दुकान व्यवस्थित चालतं.