माझा अनुभव: रंग गेला कुठे, हे चार खेपांत कुणी पाहिलंच नाही

गोष्ट १९९१ ची, पण राग अजून गेलेला नाही.

आमचं घर वाईजवळ, डोंगराआड. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरचा सिग्नल जेमतेम यायचा. १४ इंची कलर टीव्ही दोन वर्षं छान चालला आणि त्या पावसाळ्यात त्याचा रंग गेला. आवाज स्वच्छ, चित्र जागेवर, मुंग्या थोड्याच. पण सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

सेट गोधडीत गुंडाळून एसटीने पुण्याला सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तिथे लावला की रंग झक्क! "सेट ओके आहे." घरी आणला की पुन्हा तेच. अशा चार खेपा. एकदा तर तीन आठवडे ठेवून घेतला आणि क्रोमाचा आयसी, म्हणजे रंगाची चिप, बदलल्याचं बिल हातात दिलं. अँटेना कुठे आहे, वायर कसली आहे, हे एकानेही विचारलं नाही.

शेवटी वाईतले रेडिओ दुरुस्त करणारे काका घरी आले. मागचं कव्हर काढून त्यांनी कलर किलर, म्हणजे रंगाचा सिग्नल कमजोर असला की रंग बंद करणारं सर्किट, तात्पुरता बंद केला. पडदाभर लाल-हिरवे-निळे ठिपके सळसळायला लागले, सांडलेल्या रांगोळीसारखे. काका म्हणाले, "हा रंग हवाय का तुला? हा दिसू नये म्हणूनच सेट रंग बंद करतो."

मग त्यांनी नीट समजावलं. सेकंदाला १५,६२५ ओळी येतात आणि जवळपास प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ४.४३ मेगाहर्ट्झचा छोटासा बर्स्ट, म्हणजे रंगासाठीचा खुणेचा सिग्नल, असतो, साधारण दहा आवर्तनांचा. तो पुरेसा जोरात आला तरच किलर रंगाची वाट उघडतो. चित्राचं तसं नाही. सिग्नल कमी झाला की एजीसी (सिग्नल आपोआप कमी-जास्त वाढवणारा भाग) सिंकचा, म्हणजे ओळी जागेवर ठेवणाऱ्या खुणांचा, जोर बघून सगळंच वर उचलतो, म्हणून चित्र टिकतं. रंग बसतो चॅनलच्या वरच्या कडेला. वायर खराब असली की आधी तोच मार खातो. पुण्यात सिग्नल दणकून, मग तिथे बिघाड दिसणार कसा?

कौलांवर चढलो. अँटेनाच्या डबीत पाणी शिरलेलं, स्क्रू गंजलेले, फ्लॅट वायरचं तांबं हिरवं पडलेलं. चार इंच कापून टाकली, नवीन टोक सोललं, घट्ट आवळलं. खालून आई ओरडली, "आला रंग!"

कव्हर मात्र स्वतः उघडू नका. सेट बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. आणि हो, त्या काळी बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) लावायचा तर वर अँटेनापाशीच. टीव्हीच्या मागे लावला तर वायरीत सिग्नल आधीच खचलेला असायचा, मग त्याच्याबरोबर मुंग्याही वाढायच्या. काही करण्याआधी फाइन ट्यूनिंग फिरवून बघायचं: चित्रात आवाजाचे पट्टे येईपर्यंत न्यायचं आणि किंचित मागे घ्यायचं. जेमतेम येणारा रंग पुष्कळदा तेवढ्यानेच परत यायचा.

आयसीचे पैसे मी अजून विसरलेलो नाही.