व्हाइट रिमची सायकलवारी: आधी पाण्याचा हिशोब, मग पायडल

अमेरिकेतल्या युटा राज्यात, कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमध्ये, व्हाइट रिम रोड नावाचा कच्चा रस्ता आहे. पूर्ण फेरी साधारण १०० मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची. वर 'आयलंड इन द स्काय' हे पठार, खाली कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांच्या दऱ्या, आणि मधल्या पांढऱ्या खडकाच्या पायरीवरून हा रस्ता वळसे घेत जातो. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो काढला. युरेनियम फारसं मिळालं नाही, रस्ता मात्र राहिला. आमची मित्रमंडळी दरवर्षी ऑक्टोबरात इथे सायकली घेऊन उतरतात. यंदा आठ जण, दोन गाड्या, चार दिवस आणि तीन मुक्काम असा बेत होता: एअरपोर्ट (हे मुक्कामाच्या जागेचंच नाव), मर्फी हॉगबॅक आणि पोटॅटो बॉटम.

सायकलिंग म्हणून हा रस्ता फार अवघड नाही. तीन-चार चढ सोडले तर बऱ्यापैकी दम असलेला कोणीही तो पार करतो. इथे गट अडतो तो पाण्यापाशी. पठारावरचं व्हिजिटर सेंटर सोडलं की पूर्ण रस्त्यावर पिण्याचं पाणी कुठेही नाही. नदी दिसते, पण बहुतेक ठिकाणी ती शेकडो फूट खाली असते, आणि जिथे जवळ येते तिथे पाणी इतकं गढूळ की फिल्टर काही मिनिटांत तुंबतो. नाइलाज झालाच तर ते रात्रभर बादलीत निवळू द्यायचं, वरचं पाणी अलगद काढून मगच गाळायचं.

पार्कची शिफारस माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर. सायकल चालवणाऱ्याला एवढं पुरत नाही. स्वयंपाक, भांडी, चहा धरून आम्ही माणशी ६ लिटर धरतो. आठ जण, चार दिवस: १९२ लिटर. म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल वजन, आणि तेही फक्त पाण्याचं. किती गाड्या, किती माणसं, रोज किती अंतर, हे सगळं या आकड्यावरून ठरतं. मोठं पिंप घेऊ नका. ते एकदा गळलं की सगळंच गेलं. २० लिटरचे दहा कॅन घ्या, पाच-पाच दोन्ही गाड्यांत वाटा, तळाशी आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवून पट्ट्याने घट्ट आवळा. कॅन एकमेकांवर घासून भोक पडतं, म्हणून मध्ये जुनी सतरंजी किंवा फोमची चटई सरकवा. शेवटच्या दिवसाचे दोन कॅन टेप लावून बंदच ठेवायचे. कोणी कितीही आग्रह केला तरी.

परमिटशिवाय इथे सायकलही चालत नाही, अगदी एका दिवसाच्या फेरीलाही. मुक्कामाचं परमिट रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतं, आणि वसंत व शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारच्या जागा बुकिंग उघडताच संपतात. त्यामुळे गटाने आधी आठवड्याचे मधले दिवस ठरवावेत आणि मुक्कामांचे दोन पर्यायी क्रम कागदावर लिहूनच लॉगिन करावं. एका जागेवर जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या चालतात. गाडी उंच आणि लो-रेंज फोर व्हील ड्राइव्हचीच हवी, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी आणि हळू पण ताकदीच्या जादा गिअरची. साधी एसयूव्ही मर्फीच्या चढावर पोट घासते. पूर्ण मापाचं जादा चाक, फावडं, ओढायचा पट्टा आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर या चार वस्तूंशिवाय निघू नका. आत अडकलेली गाडी बाहेर ओढून आणायचं बिल हजार डॉलरच्या वर जातं.

सायकल हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) असली तरी चालते. फुल सस्पेन्शनने (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) हाताला आराम मिळतो, कारण इथला खरा त्रास पत्र्यासारख्या आडव्या लाटांच्या रस्त्याचा आहे. टायर २.३५ ते २.४ इंची, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले). ७५ किलोच्या माणसाला पुढे २२ ते २४ आणि मागे २४ ते २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठीक. वाळूचा लांब पट्टा आला की दोन्हीकडे तीन-चार पीएसआय कमी करा, पुढे खडक लागला की पुन्हा भरा. कमी हवेत खडकाची धार रिमवर आदळते आणि रिमला पोचा पडला की ट्यूबलेस टायर बसत नाही.

सीलंट (टायरच्या आतलं, भोक बुजवणारं द्रव) निघण्याच्या आठवड्यात नवं घाला, २९ इंची चाकाला १०० ते १२० मिली. कोरड्या हवेत ते भराभर सुकतं; चाक हलवून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला नाही तर आत फक्त रबराच्या गोळ्या उरल्यात असं समजा. व्हॉल्व्हचा कोअरही (आतला बारीक, काढता येणारा भाग) काढून बघा, तो सीलंटने चिकटलेला असला तर पंप मारून हवा जात नाही आणि माणूस पंपाला शिव्या घालत बसतो. गटासाठी अर्धा लिटरची बाटली आणि चार जादा कोअर गाडीत असू द्या.

सराटे इथेही आहेत, तेच आपल्याकडचे. रस्त्याच्या कडेला, मुक्कामाच्या जागी, गाड्या थांबतात तिथे जास्त. बारीक काटा उपटायचा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट धरायचं, सीलंट काम करतं. मोठ्या चिरेला प्लग, म्हणजे रबराची चिकट पट्टी खुपसायची. खरी पंचाईत होते ती शेवटचा उपाय म्हणून ट्यूब घालताना. ट्यूबलेस टायरमध्ये तोवर दहा-पंधरा काटे अडकून बसलेले असतात, सीलंटमुळे ते जाणवलेले नसतात. नवी ट्यूब फुगवली की ती प्रत्येक टोकावर टेकते आणि लगेच पंक्चर होते. म्हणून टायर पूर्ण उतरवा, आतून फडकं फिरवा. फडकं अडकेल तिथला काटा बाहेरून पकडीने ओढा. नुसतं बोट फिरवू नका. ही दहा मिनिटं वाचवणारा दुसरी ट्यूबही घालवतो.

चेनला ओलं तेल लावू नका. बारीक लाल वाळू त्यावर बसते आणि तेल-वाळूची लुकण गिअरचे दात झिजवत राहते. मेणाचं किंवा कोरडं ल्युब घ्या, तेही संध्याकाळी: आधी कोरड्या ब्रशने चेन आणि डिरेलरची (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राची) छोटी चाकं झाडायची, फडक्याने पुसायची, एकेका कडीवर थेंब टाकून रात्रभर सुकू द्यायचं. सकाळी लावून लगेच निघालं तर ओलं तेल लावल्यासारखंच होतं. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) नळ्या सीलच्या वर पुसून घ्या. सायकल आडवी ठेवायची तर डिरेलरची बाजू वर. आडव्या लाटांच्या रस्त्यावर बोल्ट सैल होतात, त्यामुळे रोज मुक्कामी पोचल्यावर स्टेम, ब्रेकचे रोटर, बाटलीचे स्टँड आणि बुटांचे क्लीट (तळाशी असलेले, पायडलमध्ये अडकणारे तुकडे) एकदा किल्लीने चाचपायचे. डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. ज्याचा त्याने आणावा, उसना बसत नाही.

पहिला दिवस शेफर ट्रेलच्या उताराने सुरू होतो. गुरं नेण्याची ही जुनी वाट, पुढे युरेनियमच्या ट्रकसाठी रुंद केलेली. कड्याच्या पोटातून वळणावळणाने सुमारे साडेचारशे मीटर खाली. ब्रेक पॅड मेटलचे असावेत आणि ते आधी घराजवळच्या रस्त्यावर ब्रेक दाबून दाबून सरावलेले. कोरे पॅड घेऊन या उताराला लागू नका. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून मग सोडावा, म्हणजे रोटरला थंड व्हायला वेळ मिळतो. आतल्या बाजूने चाला, वर येणाऱ्या गाडीला वाट द्या. खाली पोटॅश रोडचा फाटा लागतो. तो मोॲब गावाला जातो आणि पश्चिमेकडच्या मिनरल बॉटमपर्यंत (शेवटच्या दिवशी वर चढायची जागा) गाडीने बाहेर पडायचा हा शेवटचा सोपा रस्ता आहे. कोणाचा गुडघा दुखत असेल, गाडीचा आवाज विचित्र येत असेल, तर निर्णय इथेच घ्यावा. यानंतर वर जाणाऱ्या गूजबेरी, मर्फी वगैरे पायवाटा आहेत, पण त्यांवर सायकल चालत नाही, आणि त्या उभ्या आहेत.

मसलमन आर्चला सगळे थांबतात. कमानीवर चालायला बंदी आहे, तरी लोक फोटोसाठी जातातच. एअरपोर्टचा मुक्काम सुरुवातीपासून साधारण ३० किलोमीटरवर. जागा उघडी, वाऱ्याची. तंबूच्या खुंट्या खडकात जात नाहीत, म्हणून दोऱ्या बांधायला रिकाम्या पिशव्या नेऊन वाळूने भरा आणि निघताना वाळू तिथेच ओता. अन्न उघड्यावर ठेवू नका. डोमकावळे झिप उघडतात, अगदी सायकलच्या फ्रेमवरच्या पिशवीचीसुद्धा. झिपच्या टोकाला छोटा हुक अडकवला की त्यांना जमत नाही.

दुसरा दिवस सर्वांत लांब, ४० किलोमीटरच्या थोडा वर, आणि शेवटी मर्फी हॉगबॅकचा चढ. दिवसभराच्या उन्हानंतर तो येतो, म्हणून पहाटेच निघा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, घोटाघोटाने, आणि त्यात मीठ हवंच. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम घटतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ. अशा माणसाला आणखी पाणी पाजलं की तो बिघडतो. त्याला सावलीत बसवा, पाणी थांबवा, खारं काहीतरी खायला द्या. बरळायला लागला तर मदत मागवा. मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दोघांकडे हवं, एक गाडीत आणि एक पुढच्या सायकलस्वाराकडे.

हॉगबॅकवर रस्ता एका गाडीपुरता आणि समोरचं दिसत नाही. एक जण सायकल घेऊन आधी वर जातो, रस्ता मोकळा असल्याचं वॉकीटॉकीवर सांगतो, मग गाडी सुटते. मध्ये थांबायचं नाही, लो रेंजला पहिला गिअर. सायकलवाल्यांनी शेवटचा तुकडा ढकलत चढायला काही कमीपणा नाही. गाड्या नेहमी गटाच्या मागे राहतात. पुढे गेलेल्या गाडीतलं पाणी मागे राहिलेल्याच्या काय कामाचं? चालक दर अर्ध्या दिवसाने बदलायचा, नाहीतर एकाची सहल गाडीतच संपते.

सायकल फक्त रस्त्यावर, आणि थांबायचं ते उघड्या खडकावर किंवा कोरड्या ओहोळात. कडेची काळपट, खडबडीत माती म्हणजे सूक्ष्म जीवांचा जिवंत थर असतो, तोच वाळू धरून ठेवतो. एक टायर फिरला तर तो भरून यायला कित्येक वर्षं जातात.

तिसऱ्या दिवशी उतरत उतरत ग्रीन नदीकाठी, पोटॅटो बॉटमला, साधारण ३४ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात खोल वाळू. तिच्यात शिरण्याआधीच दोन गिअर हलके करा, वजन जरा मागे, हँडल सैल धरा आणि भराभर पायडल मारा. पुढचं चाक डगमगेल, डगमगू द्या. हँडल वळवून सरळ करायला गेलात की चाक रुततं आणि माणूस वरून पुढे. गाडीच्या चाकोरीतली दाबलेली वाळू बरी. काठावर कॉटनवूड झाडांची सावली आहे, डासही आहेत. उशिराच्या वसंतात नदीला पूर असला तर हा भाग पाण्याखाली जातो, तेव्हा मेच्या तारखा घेणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. लाकडाची शेकोटी इथे चालत नाही. गॅसचा स्टोव्ह न्या.

ऋतूचं बोलायचं तर मार्च ते मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या पुढे जातो, जुलै ते मध्य सप्टेंबर वादळी पावसाचे दिवस. ऑगस्ट २०१० मध्ये अशाच पुराने मिनरल बॉटमची वळणं वाहून गेली होती. पाऊस झालाच तर कोरड्या ओहोळापासून दूर, जागीच थांबा. ओल्या चिकणमातीतून सायकल रेटली की चाक आणि फ्रेममध्ये चिखल ठासतो, डिरेलर ओढला जातो आणि हँगर तुटतो. ऊन पडल्यावर अर्ध्या दिवसात रस्ता बहुधा चालवण्याजोगा होतो.

चौथ्या दिवशी सकाळीच हार्डस्क्रॅबलचा दगडी चढ-उतार, मग नदीच्या बाजूने वाळू, आणि शेवटी मिनरल बॉटमची चढाई: दोन-अडीच किलोमीटरमध्ये पावणेतीनशे मीटरच्या आसपास. तोंड पश्चिमेला, म्हणून दुपारनंतर पूर्ण उन्हात. दहाच्या आत पायथ्याशी पोचलेलं बरं. फेरी पूर्ण करायची तर वर अजून २१ किलोमीटर खडीचा रस्ता आणि पुढे डांबरी रस्ता आहे, दोन्ही कंटाळवाणे, वारा बहुधा समोरून. आम्ही तिसरी गाडी सहल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वरच उभी करून ठेवतो, तिच्यात एक भरलेला कॅन आणि कोरडे कपडे. घरी आल्यावर सायकल जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, वाळू थेट बेअरिंगमध्ये जाते. आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, आणि चेनची लांबी गेजने मोजा: ०.५ टक्क्यांच्या पुढे ताणली असेल तर लगेच बदला, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) वाचेल.