आठच्या पुढे

"बहिणीसाठी का?"
"नाही, मलाच हवेत."

आज संध्याकाळी लक्ष्मी रोडवरच्या एका चपलांच्या दुकानात हे ऐकलं. विचारणारा सेल्समन. उत्तर देणारी व्यक्ती पंचविशीतली, गुळगुळीत दाढी, डोळ्यांत काजळ. माझ्या मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"लेडीजमध्ये आठच्या पुढे नंबर नाही."

तरी त्या व्यक्तीनं आठच मागितला. मागून टाच बोटभर बाहेर. तशीच चार पावलं आरशापर्यंत. चपलांच्या दुकानातला आरसा बुटका असतो ना, त्यात चेहरा दिसतच नाही. मला दिसली फक्त दोन पावलं आणि मरून रंगाच्या उंच टाचा. खरंच शोभत होत्या.

घरी येईपर्यंत चौदाव्या लुईचं ते 1701 चं चित्र डोळ्यांसमोर होतं. फ्रान्सचा राजा, पायात लाल टाचांचे बूट! त्याच्याही आधी इराणचे घोडेस्वार टाचा वापरायचे, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून. पुरुषांचंच पायताण होतं की हे.

सँडल परत खोक्यात गेल्या. मी हातभर अंतरावर बसले होते. "छान दिसतायत," एवढंच म्हणायचं होतं.

का नाही म्हणाले मी?